थरमधील दोन संध्याकाळी, दोन सकाळी : जैसलमेरच्या आलिशान रिसॉर्टमधील सोयींचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा

जैसलमेरच्या आसपासची मोठी रिसॉर्ट्स खोलीच्या भाड्यात बऱ्याच गोष्टी देऊ करतात. स्टेशनवरून किंवा विमानतळावरून ने-आण, न्याहारी, वाळूच्या टेकड्यांवरची संध्याकाळची फेरी, उंटाची सवारी, मांगणियार लोकगायकांची मैफल, शेकोटीजवळचे जेवण, पहाटेची जीपफेरी, स्पामधील सवलत, तारे दाखवण्याची सोय, अशी ती यादी असते आणि ती वाचताना सगळे काही सहज जमेल असे वाटते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक गोष्टी सूर्योदयाच्या किंवा सूर्यास्ताच्या आगेमागे तास-दीड तासातच करण्याजोग्या असतात. दोन रात्रींच्या मुक्कामात अशा वेळा चारच मिळतात : दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी. या चार वेळांसाठी सगळ्या सोयींची आपसात ओढाताण होते आणि आधी आखणी केली नसेल, तर पैसे भरलेल्या निम्म्या गोष्टी तशाच सोडून परतावे लागते.

आमच्या पहिल्या खेपेस नेमके हेच झाले. जोधपूरहून मोटारीने निघालो, पोखरणला जेवणात वेळ गेला आणि रिसॉर्टच्या दारात पोहोचेपर्यंत पावणेसहा वाजले. डिसेंबरचे दिवस होते. त्या महिन्यात तेथे सूर्य सहाच्या आत मावळतो. टेकडीवर नेणारी जीप पाचलाच गेली होती. दुसऱ्या संध्याकाळी मैफल आणि जेवण आधीच ठरलेले असल्याने टेकडीची फेरी बसवता आली नाही आणि वेळेवर न घेतलेली सोय पुढे ढकलता येणार नाही, तिचे पैसेही परत मिळणार नाहीत, हे कलम पॅकेजच्या अटींत स्पष्ट लिहिलेले निघाले. माझ्या आईला वाळूत बसून सूर्यास्त बघायचा होता आणि तो तिने रिसॉर्टच्या भिंतीआड गेलेला पाहिला. पुढच्या दोन खेपांना आम्ही वेळेचा हिशेब आधी मांडला आणि मगच आरक्षण केले. तो हिशेब येथे क्रमाने देत आहे.

पहिली पायरी : रिसॉर्ट कोठे आहे ते नकाशावर पाहणे

‘जैसलमेरजवळ’ या शब्दांत फार मोठा प्रदेश मावतो. पर्यटकांना ठाऊक असलेल्या समच्या टेकड्या शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहेत. सूर्यगढ हे रिसॉर्ट समच्याच रस्त्यावर आहे, त्यामुळे तेथून पश्चिमेकडच्या वाळूकडे जाणे सोपे पडते. द सराय हा तंबूंचा मुक्काम मात्र चांदण गावाच्या बाजूला, म्हणजे शहराच्या पूर्वेला जोधपूरच्या दिशेने आहे. तेथे राहून संध्याकाळी समला जायचे म्हटले, तर अर्धा दिवस रस्त्यावरच जातो. दोन्ही जागा आपापल्या परीने उत्तम आहेत. फक्त ज्या रिसॉर्टची स्वतःची टेकडी किंवा स्वतःचे रान आहे, तेथे राहिल्यावर समचा हट्ट धरू नये. सममध्ये हंगामात जीप, उंटगाड्या आणि ध्वनिक्षेपक यांची इतकी गर्दी असते की ज्या शांततेसाठी आपण एवढे भाडे मोजले, ती तेथे मिळत नाही. म्हणून ‘टेकडीवरची फेरी’ म्हणजे नेमकी कोणती टेकडी, ती किती दूर आहे आणि तेथे इतर हॉटेलांचे पाहुणे येतात का, हे तीन प्रश्न आरक्षणाआधीच विचारावेत.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि त्या दिवसांत भाडे निम्मे झालेले दिसले, तरी बाहेरच्या बहुतेक सोयींचा उपयोग होत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिवस आल्हाददायक असतो, पण रात्री पारा एक आकडी होतो. जाहिरातीतला पोहण्याचा खासगी तलाव त्या वेळी गरम पाण्याचा आहे की नाही, हे विचारल्याशिवाय त्या खोलीसाठी जादा पैसे देऊ नयेत. माझ्या मते नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस आहेत.

दुसरी पायरी : किती रात्री आणि कोणती खोली

दुपारी दोनच्या आत पोहोचता येत असेल, तर दोन रात्री पुरतात. जोधपूरहून येणार असाल तर पावणेतीनशे-एक किलोमीटरचा, सुमारे पाच तासांचा रस्ता आहे. सकाळी आठच्या आत निघाले, तरच पहिली संध्याकाळ हाती लागते. ते शक्य नसेल तर तीन रात्री घ्याव्यात. एवढ्या खर्चाला खिसा पुरत नसेल, तर मोठा स्वीट सोडून साधी खोली घ्यावी आणि त्या पैशांत एक रात्र वाढवावी, असे मी आग्रहाने सांगेन. टेकडीची फेरी, मैफल आणि पहाटेची सफर साध्या खोलीतल्या पाहुण्यालाही बहुधा तीच असते. स्वीटमुळे फक्त जागा वाढते आणि वाळवंटात आलेला माणूस खोलीत तसाही फार थांबत नाही.

भाड्याची तुलना करताना कर धरूनच करावी. दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा बहुधा कर सोडून असतो.

तिसरी पायरी : आरक्षण कोणत्या मार्गाने करावे

प्रवास-संकेतस्थळावर खोली हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसते, पण तो दर पुष्कळदा फक्त खोलीचा असतो. आधी तेथला दर पाहून ठेवावा, मग रिसॉर्टच्या आरक्षण विभागाला थेट दूरध्वनी करावा आणि ‘हाच दर आम्हाला दिसतो आहे, थेट आरक्षण केले तर त्यात आपण काय समाविष्ट कराल?’ असे विचारावे. दर कमी करणे त्यांना अवघड जाते. मात्र ने-आण, एक वेळचे जेवण, स्पावर सूट किंवा उशिराचा चेक-आउट देणे त्यांच्या हातात असते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते देतातही. नाताळ ते नववर्ष आणि जैसलमेरच्या मरु महोत्सवाचा आठवडा या दिवसांत मात्र अशी अपेक्षा धरू नये.

साखळी हॉटेलांचे सभासदत्व असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. जैसलमेरमध्ये मॅरियटचे रिसॉर्ट आहे आणि त्यांच्या बॉनव्हॉय योजनेत त्रयस्थ संकेतस्थळावरून केलेल्या आरक्षणावर साधारणपणे गुण मिळत नाहीत, सभासदाचे फायदेही धरले जात नाहीत. दुपारी चारपर्यंतचा चेक-आउट हा प्लॅटिनम सभासदाचा हक्क रिसॉर्टमध्ये ‘उपलब्धतेनुसार’ असतो, हेही पुष्कळांना तेथे पोहोचल्यावरच कळते. तेव्हा शेवटच्या दिवसाची गाडी किंवा विमान त्या हक्काच्या भरवशावर ठरवू नये.

चौथी पायरी : जेवणाचा प्लॅन

हॉटेलच्या भाषेत ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि न्याहारी, एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, तर एपी म्हणजे तिन्ही वेळा. गाव दूर असल्याने वाळवंटात एपी घ्यावासा वाटतो. पण जैसलमेरचा किल्ला बघायला गेलेला माणूस दुपारी जेवायला रिसॉर्टवर क्वचितच परततो. आमचा अनुभव असा की दोन रात्रींसाठी एमएपी पुरतो. एपी घेतलाच असेल, तर दुपारच्या जेवणाऐवजी डबा बांधून मिळेल का, हे आदल्या दिवशी विचारावे. पाकिस्तानच्या सीमेजवळच्या लोंगेवाला आणि तनोटकडे जाणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो, कारण त्या रस्त्यावर खाण्याची चांगली सोय विरळ आहे.

न्याहारीबाबत एक सूचना मनापासून करावीशी वाटते. मोठ्या रिसॉर्टच्या टेबलावर पाव, सीरिअल आणि कापलेली फळे असतात, ती कोठेही मिळतात. स्वयंपाकघरात आदल्या रात्री निरोप देऊन बाजरीची रोटी, लसणाची चटणी, केर-सांगरीची भाजी आणि जैसलमेरचे घोटुवा लाडू मागावेत. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी. ज्या झाडाची पाने आपण देवापुढे ठेवतो, त्याच्या शेंगा येथील माणूस वाळवून वर्षभर खातो, हे ताटात बघताना फार जवळचे वाटते. असा निरोप दिला तर आचारी आनंदाने करतात, त्याचे वेगळे पैसेही आम्हाला कधी पडले नाहीत.

पाचवी पायरी : जाण्यापूर्वीचे पत्र

सर्वांत जास्त फळ देणारी पायरी हीच आहे. पोहोचण्याच्या आठ-दहा दिवस आधी रिसॉर्टला एक ई-मेल पाठवावा आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. आमच्या पत्राचा मजकूर साधारण असा असतो :

‘आम्ही चौघे, त्यात ७२ वर्षांच्या आई, अमुक तारखेला दुपारी एक वाजता पोहोचू. पहिल्या संध्याकाळी टेकडीची फेरी आणि दुसऱ्या संध्याकाळी मैफल व जेवण, अशी नोंद करावी. टेकडीवर जाण्यासाठी निघण्याची वेळ कळवावी. आईंना उंटावर बसता येणार नाही, त्यांच्यासाठी उंटगाडी किंवा जीप मिळेल का? दुसऱ्या सकाळची सफर किती वाजता निघते आणि तिच्यात चहा-न्याहारी आहे का? वारा सुटला किंवा पाऊस आला, तर कोणती सोय कशाने बदलली जाईल? पॅकेजमध्ये नसलेल्या, पण त्याच वेळी देऊ केल्या जाणाऱ्या गोष्टींचे दर सोबत पाठवावेत. आम्ही शाकाहारी असून एकास कांदा-लसूण चालत नाही.’

यातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. वाऱ्याचा प्रश्न विचारला नाही तर वाळू उडत असताना फेरी रद्द होते आणि मोबदल्यात काहीच मिळत नाही. दरांचा प्रश्न यासाठी, की टेकडीवर पोहोचल्यावर चारचाकी मोटारसायकल, पॅरासेलिंग, खास मांडलेले टेबल असे बरेच काही पुढे येते आणि ते मोफत फेरीचाच भाग आहे असा समज होतो. उत्तर लेखी असले की स्वागतकक्षातल्या माणसाला वाद घालावा लागत नाही, तो फक्त कागद पाहून व्यवस्था लावतो. वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस खरोखरच असेल, तर तोही या पत्रात लिहावा. फुले, केक किंवा रिकामी असल्यास चांगली खोली बहुधा त्यावर मिळते.

सहावी पायरी : तिथी पाहणे

तारे दाखवण्याची सोय असेल, तर पौर्णिमेच्या आसपास ती जवळजवळ निरर्थक ठरते. आरक्षणाआधी भिंतीवरची दिनदर्शिका उघडावी. संकष्टी चतुर्थीचा उपास करणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ सगळ्यांना ठाऊक असते. ती साधारण रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि तेथून पुढे चंद्र रोज पाऊण-एक तासाने उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांपासून अमावास्येपर्यंत रात्रीच्या जेवणाच्या वेळी आकाश काळेभोर असते, आणि थरच्या कोरड्या हवेत हिवाळी आकाशातले मृग नक्षत्र, कृत्तिका आणि रोहिणी साध्या डोळ्यांनी इतके ठसठशीत दिसतात की दुर्बिणीची वाट पाहावी लागत नाही. चांदण्यातली वाळू बघायची असेल तर मात्र शुक्ल पक्षातली दशमी ते पौर्णिमा निवडावी. मरु महोत्सवही माघी पौर्णिमेच्या सुमारास भरतो. तारे आणि चांदणे दोन्ही एका खेपेत मिळत नाहीत, तेव्हा घरातल्यांनी आधीच काय ते ठरवावे.

सातवी पायरी : दोन संध्याकाळी

पहिल्या दिवशी खोली तयार नसली तरी थांबून राहू नये. सामान स्वागतकक्षात ठेवून संध्याकाळच्या फेरीची वेळ पुन्हा एकदा पक्की करावी आणि सूर्यास्ताच्या किमान सव्वा तास आधी निघण्याचा आग्रह धरावा. मार्चमध्ये सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, डिसेंबरात सहाच्या आधी. रिसॉर्टचे वेळापत्रक हंगामभर एकच असेल, तर ते एका महिन्यात लवकर पडते आणि दुसऱ्या महिन्यात उशिरा.

उंटावर बसताना पुढची आठवण ठेवावी. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. म्हणून तो उठताना खोगिराची मूठ घट्ट धरून मागे रेलावे. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलावे. आमच्या उंटवाल्याने ‘खम्मा घणी’ असा नमस्कार करून झाल्यावर सर्वांत आधी हेच दोनदा करवून घेतले आणि मगच लगाम हातात घेतला. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी सवारी सोडून द्यावी आणि तिच्या बदल्यात वाळूवर अर्धा तास जास्त थांबू देण्याची विनंती करावी. सूर्य बुडाल्यानंतरचा तो अर्धा तास, जेव्हा बाकीचे पाहुणे परतलेले असतात, वारा पडलेला असतो आणि पायाखालची वाळू हळूहळू गार होत जाते, तो मला साऱ्या यादीतला सर्वांत मौल्यवान वाटतो आणि त्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही.

मैफलीची संध्याकाळ वेगळी ठेवावी. मांगणियार हे पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी गाणारे मुसलमान कलावंत आहेत. त्यांचे यजमान प्रामुख्याने राजपूत, आणि त्यांच्या घरचे जन्म, लग्न, सण याच गायकांच्या गाण्यांनी साजरे होतात. रिसॉर्टमध्ये ते जेवणाच्या वेळी बसतात आणि पाहुणे ताटात गुंतलेले असल्याने दोन-तीन लोकप्रिय गाणी म्हणून उठतात. आम्ही दुसऱ्या खेपेस जेवण पाऊण तास पुढे ढकलायला सांगितले आणि समोर सतरंजीवर जाऊन बसलो. माझ्या आईने विचारले, ‘मांड गाल का?’ नाट्यसंगीतातून मांड हा राग आपल्या कानांवर आहेच. वयस्क गायकाने कमायचा हे तंतुवाद्य मांडीवर उभे धरले, गज ओढला, आणि शेजारच्या मुलाने खरतालच्या दोन-दोन पट्ट्या बोटांत धरून अगदी हलका ठेका दिला. ते गाणे वीस मिनिटे चालले. अशी फर्माईश करणे म्हणजे त्रास देणे नव्हे, कलावंताला ती हवी असते. बक्षिसी मात्र बिलात लिहू नये. ती रोख आणि त्यांच्या हातात द्यावी.

आठवी पायरी : दोन सकाळी

जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे ‘पहाटेची सफर’ म्हणजे साडेसहाला निघणे. मुंबई-पुण्याच्या माणसाला ते जड नाही. उघड्या जीपमध्ये थंडी बोचते, म्हणून कानटोपी आणि हातमोजे न्यावेत, गरम पाण्याची पिशवी व ब्लँकेट रिसॉर्टकडून मागून घ्यावे.

निसर्गाचा जाणकार वाटाड्या रिसॉर्टकडे असेल, तर एक सकाळ मरुभूमी राष्ट्रीय उद्यानासाठी राखावी. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात चिंकारा आणि वाळवंटी कोल्हा दिसण्याची चांगली शक्यता असते, पण मन लागते ते माळढोकाकडे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्यांनी एके काळी हा पक्षी पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की आज तो आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला आहे आणि देशात उरलेले बहुतेक माळढोक या जैसलमेर जिल्ह्यातच आहेत. दिसेलच अशी हमी कोणी देत नाही आणि जवळ जाण्याचा आग्रह मुळीच धरू नये. प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये आहे का, हे मात्र आधीच्या पत्रातच विचारून घ्यावे, कारण ते बहुधा नसते.

दुसरी सकाळ कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड गावासाठी किंवा बडा बागेतल्या राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांसाठी ठेवता येते. सकाळचे कोवळे ऊन पिवळ्या दगडावर पडते तेव्हाच त्या जागा बघाव्यात. अकरानंतर तेथे सावली उरत नाही.

दुपारचे काय

सकाळी अकरा ते चार हा वेळ स्पा, तलाव आणि झोप यांचा. स्पाची सूट बहुतेक ठिकाणी दुपारच्या ठरावीक तासांपुरती असते, आणि तीच वेळ आपल्याला रिकामी असल्याने ती आवर्जून घ्यावी. ‘क्रेडिट’ दिले असेल तर त्यात कर धरला आहे का आणि उरलेली रक्कम जेवणाकडे वळवता येते का, हे विचारावे. संध्याकाळची स्पाची वेळ कितीही गोड शब्दांत देऊ केली, तरी नाकारावी. तेल लावून पडण्यासाठी सूर्यास्त घालवणे योग्य नाही.

नववी पायरी : बिल आणि निघण्याचा दिवस

अंतिम बिल आदल्या रात्रीच मागावे. पत्राचे उत्तर समोर ठेवून एकेक ओळ तपासावी. ने-आण, टेकडीवरची पेये, मिनी बार आणि धुलाई या चार ठिकाणी चुका जास्त सापडतात. ‘सेवा शुल्क’ आपोआप लावलेले असेल तर ते ऐच्छिक आहे, हे सौम्यपणे सांगावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या असून दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. ती रक्कम उंटवाला, चालक, वाटाडा आणि खोली आवरणारी माणसे यांना हातोहात दिलेली बरी.

जैसलमेरहूनच गाडी किंवा विमान असेल, तर उशिराचा चेक-आउट मागावा. तो नाकारला तरी सामान ठेवण्याची, अंघोळीसाठी स्पातली खोली वापरण्याची आणि तलावाकाठी बसण्याची मुभा विचारल्यास बहुधा मिळते. जोधपूरमार्गे परतायचे असेल तर उशिराच्या चेक-आउटचा मोह सोडावा आणि उलट पहाटे साडेसहालाच निघावे. न्याहारी पैसे भरून झालेली असते, ती डब्यात बांधून घ्यावी, सोबत थर्मासमध्ये चहा घ्यावा. अडीच-तीन तासांत फलोदीजवळचे खिचन येते. हिवाळ्यात तेथे हजारो कांड्या करकोचे उतरतात, गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे टाकतात, आणि जून २०२५ मध्ये या जागेला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला आहे. दाणे टिपून झाल्यावर पक्षी तळ्याकडे जातात. तळ्याच्या काठावर गाडी लांब उभी करून, आवाज न करता डबा उघडावा.